ईस्टर झाला, पण माझा आलेलूया घशातच राहिला

प्रश्न (सोमवार, १३ एप्रिल २०२०)

नमस्कार. काल ईस्टर झाला आणि आज सकाळपासून मला सारखं रडू येतंय. मी वीसेक वर्षं आमच्या चर्चच्या गायनवृंदात गातेय. ईस्टरच्या आदल्या शनिवारी रात्री जागरणविधी असतो. त्यात बायबलमधल्या पत्राचं वाचन संपलं की फादर तीनदा आलेलूया, म्हणजे ‘देवाची स्तुती करा’, गातात, दर वेळी थोड्या वरच्या सुरात, आणि अख्खं चर्च ते उचलून धरतं. राखेच्या बुधवारी ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ सुरू होतो, तेव्हापासून हा शब्द आमच्या तोंडी आलेला नसतो. तिसऱ्या वेळी माझा आवाज हमखास कापतो. मला ईस्टर तिथे भेटतो.

यंदा कोरोनाच्या टाळेबंदीत चर्च बंद, म्हणून परवा रात्री विधी घरूनच पाहायला मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. फादरांनी आलेलूया म्हटलं आणि ते थांबले. लोकांच्या उत्तरासाठी दरवर्षी थांबतात, तेवढेच थांबले. समोर कुणीच नव्हतं. आणि मीही गायले नाही. एरवी शेकडो लोकांसमोर गाणारी मी, घरच्या चौघांत तोंड उघडायला संकोचले.

घरात सगळे धडधाकट आहेत, देवाची कृपा. कितीतरी घरांत माणसं गेलीत, त्यामुळे हे बोलायचीही लाज वाटते. पण प्रायश्चित्तकाळ अख्खा पाळला आणि ईस्टर दाराशी येऊन परत गेला, असं झालंय. घरून मिस्सा, म्हणजे चर्चची मुख्य उपासना, पाहणाऱ्यांपैकी कुणाला तो आनंद मिळाला का? कसा?

उत्तर १

ताई, लाज कसली? ज्याची सवय जिवाला असते, त्याचीच उणीव जिवाला लागते.

मी चर्चमध्ये वाचन करते. जागरणविधीत जुन्या करारातली सात वाचनं असतात. वेळ कमी असला तर काही गाळतात, पण निर्गम या पुस्तकातलं, इस्राएली लोकांनी समुद्र ओलांडल्याचं वाचन कधीच गाळत नाहीत, आणि बरीच वर्षं ते माझ्याकडे असतं. यंदा नव्हतं, तेव्हा तुम्हाला काय वाटलं असेल ते मला कळतं.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी आम्ही सोफ्यावर बसून मिस्सा पाहिली. मध्येच कुणी उठलं, कुणाचा फोन वाजला. संपल्यावर मला बातम्या पाहून उठल्यासारखं वाटलं. त्या रात्री आम्ही तिघांनी ठरवलं, पाहायचं नाही, करायचं. गुरुवारपासून चर्चला जायचे कपडे घातले. उभं राहायचं तिथे उभे राहिलो, गुडघे टेकायचे तिथे टेकले, प्रत्येक उत्तर मोठ्याने दिलं. पहिली दहा मिनिटं फार अवघडल्यासारखं होतं, खरं सांगते. मग सासूबाईंचा आवाज चढला आणि आम्ही त्यांच्या मागून गेलो.

शनिवारी सगळे दिवे मालवले आणि एकच मेणबत्ती लावली. निर्गमाचं वाचन आलं तेव्हा मी फोनचा आवाज बंद केला आणि स्वतः उभी राहून वाचलं. स्नानसंस्काराची (बाप्तिस्म्याची) वचनं नव्याने घेतल्यावर सासूबाईंनी वाटीतल्या पाण्यात बोट बुडवून आमच्या दोघांच्या कपाळावर क्रूस काढला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कुटुंबाला घरातली ख्रिस्तसभा म्हटलंय. प्रवचनात शंभरदा ऐकलं होतं. त्यांचं ओलं, थरथरतं बोट कपाळाला लागलं तेव्हा समजलं.

ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर, मिळाला नाही, ती उणीव मात्र भरली नाही. तो मनोमन स्वीकारण्याची, संत आल्फोन्सस लिगोरींची आध्यात्मिक ख्रिस्तप्रसादाची प्रार्थना आम्ही रोज म्हणतो. तिने भूक टिकून राहते. ती टिकावीच असं मला वाटतं.

आणि ईस्टर परत गेलेला नाही हो. हे आठही दिवस ईस्टरचेच. पुढे पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत, ३१ मेपर्यंत, पास्काकाळ म्हणजे ईस्टरचा काळ आहे. पन्नास दिवस! तुमचा आलेलूया अजून गाता येईल.

उत्तर २

मी आमच्या चर्चमध्ये वेदीची तयारी करतो. त्या रात्री आत आम्ही चौघे होतो, म्हणून आतली बाजू सांगतो.

२५ मार्चला रोमहून आलेल्या सूचनेप्रमाणे यंदा बाहेर अग्नी पेटवायचा नव्हता, मिरवणूक नव्हती. पास्काची मेणबत्ती आत तशीच पेटवायची. ती तयार करताना धरायचं काम माझं. क्रूस, वर आल्फा, खाली ओमेगा ही ग्रीक अक्षरं, चार कोपऱ्यांत २, ०, २, ० हे आकडे, आणि ख्रिस्ताच्या पाच जखमांसाठी धूपाचे पाच दाणे. एक दाणा मेणात बसेचना. अंगठ्याने ऊब देऊन बसवला. त्या वेळी मनात सारखं येत होतं, हे या वर्षाचे आकडे आहेत, याच वर्षावर ख्रिस्ताची खूण करतोय आपण.

ताई, आमचे फादरही आलेलूया म्हणून थांबले. मी शेवटच्या बाकाजवळून उत्तर दिलं. मला सूर नाही, पण रिकाम्या चर्चमध्ये तो आवाज घुमून परत आला आणि फादरांनी मान वर करून पाहिलं. दुसऱ्या वेळी ते जोरात गायले. समोर कुणी नसताना गाणं त्यांनाही जड जातं. तुम्ही घरून दिलेलं उत्तर त्यांच्या कानी पडणार नाही, तरी द्या.

उत्तर ३

थोडं वेगळं मत. आनंद ओढून आणू नका. योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात येशूची शिष्या मरिया माग्दालिया त्याच्या कबरेशी रडतच उभी आहे. येशू समोर आला तरी तिला तो माळीच वाटतो. त्याने ‘मरिये’ म्हणून हाक मारली तेव्हा ओळख पटली. मी या आठवड्यात रोज एकाला फोन करतेय, आमच्या बाकावर बसणाऱ्यांना. सुरुवात फक्त नावाने करते. एक आजी म्हणाल्या, महिन्याभरात मला नावाने कुणी हाक मारली नव्हती.

प्रश्नकर्ती (रविवार, १९ एप्रिल)

तिघांचेही मनापासून आभार. आज शुभवर्तमानात बंद दारांचा प्रसंग होता, येशूचे शिष्य भीतीने आत बसलेले. उभी राहून ऐकला.

मग आमच्या गायनवृंदातल्या काकांना फोन लावला. ते खर्जात गातात, घरी एकटेच असतात. मी म्हटलं, काका, आलेलूया घेऊ या का? फोनवर एकत्र गाता येत नाही, आवाज उशिरा पोचतो. म्हणून पहिला मी गायले, दुसरा त्यांनी घेतला, एक पायरी वर. तिसरा कुणी घ्यायचा ते ठरलंच नव्हतं. दोघांनीही घेतला, त्यांचा माझ्यामागून येत राहिला. माझा आवाज कापला. तेवढ्यात आतल्या खोलीतून माझ्या मुलीने उत्तर दिलं.