घरी सर्व्हर ठेवावा, भाड्याने घ्यावा की डेटा सेंटरात नेऊन ठेवावा? (८५० जीबी, सांगली)

पोटमाळा:
नमस्कार. माझ्या वडिलांनी चाळीसेक वर्षं नाटकांची हस्तपत्रकं जमवली. संगीत नाटक मंडळ्या, हौशी संघ, गणेशोत्सवातले प्रयोग, जे हाती लागेल ते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं (धोक्याची पातळी ४५). आमचं घर गावभागात. चार ट्रंका वर चढवल्या, पाचवी राहिली. तिच्यातल्या कागदांचा लगदा वडिलांनी उन्हात वाळवायला ठेवला होता, ते मला अजून दिसतं.

ते गेल्यावर मी स्कॅनर घेतला. चार वर्षं, रोज रात्री दोन तास. ११,००० कागद, टिफ फायली, एकूण ८५० जीबी. आता हे कुणालाही घरबसल्या बघता यावं एवढीच इच्छा आहे.

हाताशी एक जुना डेस्कटॉप आहे, त्यात ४ टीबीच्या दोन डिस्क मिररमध्ये (दोन्हींवर तेच लिहिलं जातं), वर डेबियन लिनक्स. मीटर लावून पाहिलं, ४५ वॅट खातो. फायबर १०० एमबीपीएस, अपलोडही तेवढंच. भाड्याच्या सर्व्हरवर ८५० जीबीची चौकशी केली तर महिन्याला साडेपाच हजारांच्या वर सांगतात. एकाने सुचवलं, मशीन नवी मुंबईला डेटा सेंटरात ठेवा. काय करू?

चौथा_मजला:
ताई, मी २०१७ पासून घरीच चालवतोय, कोथरूडला. ४५ वॅट म्हणजे महिन्याला साधारण ३२ युनिट. तुमचं बिल ३०० युनिटांच्या काठावर असेल तर हे वरचे युनिट महाग टप्प्यात जातील, तेवढं बघा. मला विजेपेक्षा जास्त त्रास इंटरनेटने दिला. घरी इन्व्हर्टर आहे, सर्व्हर चालू राहतो. पण ऑपरेटरच्या चौकातल्या पेटीतली बॅटरी दोन तासांत बसते. मग आपला दिवा लागलेला आणि बाहेरून कुणालाच काही दिसत नाही.

आणि आधी राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे बाहेरच्या बाजूचा इंटरनेट पत्ता, बघा. १००.६४ ते १००.१२७ यांमध्ये असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. अनेक घरं एकाच पत्त्यावरून बाहेर पडतात, त्यामुळे पोर्ट उघडून उपयोग नाही.

रॅकमागचा:
मी महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये नऊ वर्षं रात्रपाळी केली. म्हणून को-लोकेशनचं (आपलं मशीन तिथे नेऊन ठेवण्याचं) आधी सांगतो: तुमच्यासाठी नको. तिथे भाडं रॅकमधल्या जागेचं, विजेच्या अँपिअरचं आणि बँडविड्थचं असतं. तुमचा टॉवर १यू मध्ये, म्हणजे रॅकच्या एका खणात, मावणारच नाही, शेल्फवर आडवा पडेल आणि तीन-चार यूचे पैसे लागतील. शिवाय त्याला आयपीएमआय (दुरूनच पडदा बघायची, मशीन चालू-बंद करायची सोय) नाही. अपडेटनंतर मशीन उठलं नाही, तर कुणीतरी मॉनिटर लावून पडद्यावर काय आलंय ते फोनवर वाचून दाखवायचं. ते काम मी शेकडो वेळा केलंय, त्याचे वेगळे पैसे लागतात. डिस्क गेली तर सांगलीहून रात्रभर प्रवास. स्वतःची महागडी यंत्रं असणाऱ्यांना ते परवडतं.

आता मुख्य गोष्ट. लोकांना ८५० जीबी लागतच नाहीत. टिफ हे मूळ, ते जपायचं. बघणाऱ्याला दीड-दोन एमबीची जेपीईजी पुरते, अक्षर न् अक्षर वाचता येतं. ११,००० गुणिले दोन, म्हणजे २२ जीबी. एवढं ५० जीबीच्या साध्या व्हीपीएसवर (मोठ्या सर्व्हरचा भाड्याने मिळणारा छोटा वाटा) बसतं. माझा तसा आहे, महिन्याला पाचशेच्या आसपास पडतो. संकेतस्थळ तिथे ठेवा, मुंबईतलाच घ्या म्हणजे पानं पटकन उघडतील. घरचं मशीन टिफ सांभाळेल. वीज गेली, पेटी बसली, तरी वाचकाला कळणारही नाही.

कुणा अभ्यासकाला मूळ फाइल हवी असेल तर घर ते व्हीपीएस असा वायरगार्डचा बोगदा (दोन मशीनमधली खाजगी, कुलूपबंद वाट) टाका. घरून बाहेर जोडणी होते, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ (जोडणी जागी ठेवणारा संदेश) २५ सेकंद ठेवा, नाहीतर मधला नॅट, म्हणजे पत्ता वाटून देणारी यंत्रणा, तुम्हाला विसरून जातो.

आणि ताई, मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलं तर दोन्हीकडून पुसलं जातं आणि पाणी दोन्ही डिस्कना एकदमच लागतं. तिसरी प्रत दुसऱ्या घरात हवीच. भाड्याच्या जागेवरही भिस्त ठेवू नका: १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीची अख्खी एक इमारत जळाली, बॅकअप दुसरीकडे नसलेल्यांचा डेटा कायमचा गेला. त्या आठवड्यात आमच्याकडे प्रत्येक ग्राहक एकच प्रश्न विचारत होता, आमची दुसरी प्रत कुठे आहे.

पोटमाळा:
२२ जीबी! हा हिशोब माझ्या डोक्यात आलाच नव्हता. सगळं एकत्रच ठेवायचं असं धरून बसले होते. वॅन आयपी पाहिला, १००.७२ ने सुरू होतो. व्हीपीएस घेते. एक डिस्क मिरजेला बहिणीकडे, तिसऱ्या मजल्यावर. मशीनही पोटमाळ्यावर हलवते, ट्रंकांशेजारी.

चौथा_मजला:
पोटमाळ्यावर वर पत्रा असेल तर एप्रिल-मेमध्ये डिस्कचं तापमान बघत राहा. माझ्याकडे ५० अंशांच्या वर गेलं होतं, पंखा लावावा लागला.

पोटमाळा: (तीन आठवड्यांनी)
संकेतस्थळ सुरू झालं. पत्रा आहेच, पंखा लावलाय. एक अडचण: बोगद्यातून पिंग (जोडणी तपासणारा छोटा संदेश) जातो, छोटी पानं उघडतात, पण मोठी टिफ उतरवायला घेतली की शून्यावरच अडकते. बोगदा आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते) वरून आहे.

रॅकमागचा:
फायबरला युजरनेम-पासवर्ड टाकावा लागतो का? म्हणजे पीपीपीओई. त्यात पॅकेट जास्तीत जास्त १४९२ बाइटचं. आयपीव्ही६ वर वायरगार्डचं वेष्टन ८० बाइट, राहिले १४१२. तुमच्याकडे आपोआप १४२० बसलं असणार, म्हणून मोठी पॅकेटं वाटेत अडकतात. दोन्ही टोकांना एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४१२ करा.

पोटमाळा:
हो, पीपीपीओईच. १४१२ केलं आणि उतरली! पहिली फाइल मी बहिणीला तिच्या घरून उघडायला लावली. पाचव्या ट्रंकेतलं, कडा गेलेलं एक पत्रक आहे. प्रयोगाची तारीख गेली, तिकिटाचा दर मात्र वाचता येतो: चार आणे.