कॉलेजचा रनिंग बॅक: यंदाच ड्राफ्टला जावं का अजून एक वर्ष थांबावं?

शहापूरकर_एमएसवाला:
मंडळी नमस्कार, सुट्टीला गावाकडं आलोय पण डोक्यात तिकडचाच भुंगा. मी अमेरिकेत एमएस करायलोय, स्टॅटिस्टिक्सच्या लॅबला टीए आहे. त्या लॅबला आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा रनिंग बॅक येतो, म्हणजे बॉल पोटाशी धरून समोरच्या धिप्पाड लोकांच्या गर्दीत घुसणारा गडी. थर्ड इयरला आहे. एनएफएल म्हणजे तिकडची व्यावसायिक फुटबॉल लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिथल्या टीमा राउंडमागून राउंड एकेक करून नवे खेळाडू उचलतात ते. नियम असा की हायस्कूल संपून 3 वर्षं झाल्याशिवाय ड्राफ्टला जाता येत नाही, त्याची ती आता झाली, आणि नाव द्यायची मुदत जानेवारीच्या मध्यात संपते. दिसेल त्याला विचारत सुटलाय, मलाही विचारला, तू असतास तर काय केला असतास म्हणून. घरची परिस्थिती बेताची, आई एकटी कमावती, डिग्रीला एक वर्ष बाकी. आमच्या बाबांना सांगितलो तर ते म्हणाले डिग्री आधी, विषय संपला. तुमचं काय म्हणणं?

नाईटशिफ्ट_टिळकवाडी:
विषय कुठला संपतोय बे, बाबांना ब्राइस लव्हचं सांग की. स्टॅनफर्डचा रनिंग बॅक, 2017 ला 2,118 यार्ड धावला, कॉलेजच्या सगळ्यात भारी खेळाडूला देतात त्या हाइजमन ट्रॉफीच्या मतदानात दुसरा आला. तेव्हाच गेला असता तर चांगल्या भावात गेला असता, पण डिग्री पुरी करायची म्हणून थांबला. 2018 च्या डिसेंबरमध्ये गुडघ्याचं लिगामेंट गेलं, 2019 ला वॉशिंग्टनच्या टीमनं चौथ्या राउंडला घेतलं आणि एनएफएलच्या लीग सीझनची एकसुद्धा मॅच त्याच्या नशिबी आली नाही. डिग्री मिळाली त्याला, ते खरं, आणि ती काही कमी गोष्ट नाही, पण हिशोब बघ. पहिलं कॉन्ट्रॅक्ट 4 वर्षांचं, रक्कम तू कितव्या नंबरला उचलला गेलास त्यावर ठरते, आणि पहिले 3 सीझन ती वाढवून मागता येत नाही. म्हणजे खरा मोठा पैसा दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टला, आणि रनिंग बॅक सत्तावीस-अठ्ठावीसचा झाला की टीमवाले हात आखडतात. सॅक्वॉन बार्कली 27 व्या वर्षी 2,005 यार्ड धावला, डेरिक हेन्री तिशीत 1,921, पण असे किती? कॉलेजात फुकट खाल्लेला मार पुढं कोण भरून देणार नाही.

येळ्ळूरचा_पैलवान:
मला त्या खेळातलं काय कळत नाही, एवढंच विचारतो, पोरगा सकाळी उठला की कुठं दुखतंय त्याचं? तालमीत आम्ही बघितलंय, चांगली चांगली पोरं खांदा गुडघा लपवून आणखी एक मैदान करतो म्हणतात आणि मग वर्षभर घरी. दुखणं असेल तर ते आधी सांगायला लाव, डिग्री आणि ड्राफ्टचं नंतर बघा.

डॅलसवाला_अनगोळकर:
नाईटशिफ्ट, तुझा हिशोब जुन्या जमान्यातला आहे रे. फुकट मार हे 2021 पर्यंत खरं होतं. त्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती वगैरे करून कमवायची मुभा मिळाली, आणि 2025 च्या जुलैपासून कॉलेजं थेट पैसे द्यायलेत, एका कॉलेजला पहिल्या वर्षी सगळे खेळ मिळून साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. तेव्हा थांबलं की आई उपाशी असं राहिलं नाही, अर्थात कॉलेज मोठं असेल तर, बारक्या कॉलेजात हातात काय पडतं ते त्यालाच विचार. ओहायो स्टेटचा ट्रेव्हियन हेंडरसन चौथ्या वर्षासाठी थांबला, टीम नॅशनल चॅम्पियन झाली, तरी दुसऱ्या राउंडला 38 व्या नंबरला एनएफएलच्या पॅट्रियट्स टीमनं घेतलाच की. दुसरीकडं बॉयसी स्टेटचा अ‍ॅश्टन जेंटी, 2024 च्या एका सीझनला 374 वेळा बॉल घेऊन 2,601 यार्ड, तो तिसऱ्या वर्षीच निघाला आणि सहाव्या नंबरला गेला. अशा सीझननंतर थांबणं म्हणजे येडेपणा. आणि 2024 ला बघितलंस तर पहिल्या राउंडला एकही रनिंग बॅक नाही, पहिला उचलला तोच 46 व्या नंबरला. तेव्हा आपण इथं बसून भांडण्यापेक्षा एनएफएलच्या सल्लागार कमिटीचा ग्रेड मागवलाय का ते बघ. ते सरळ सांगतात, पहिला राउंड, दुसरा राउंड किंवा कॉलेजातच थांब.

शहापूरकर_एमएसवाला:
आलाय. दुसरा राउंड. आणि पैलवान, मागच्या सीझनला घोटा मुरगळला होता त्याचा, आता बरा आहे म्हणतो. कोच थांब म्हणायलाय.

नाईटशिफ्ट_टिळकवाडी:
कोच थांबच म्हणणार की, त्याला पुढच्या सीझनला बॉल द्यायला कोणतरी पाहिजे. दुसरा राउंड आलाय तर जा म्हण. डिग्री ऑफ सीझनला पुरी करता येते, बाबांना तेवढं सांग.

डॅलसवाला_अनगोळकर:
मी पण जा म्हणेन, पण थांबायचंच ठरलं तर विमा काढल्याशिवाय नाही. दुखापतीनं ड्राफ्टचा नंबर घसरला तर भरपाई देणारी पॉलिसी मिळते, हप्ता जबर असतो, तो कॉलेजनं भरायचा हे लेखी घ्यायला सांग.

येळ्ळूरचा_पैलवान:
म्हणतो म्हणजे? डॉक्टर काय म्हणतोय ते विचार. आणि एकटी कमावते ती आई, तिला विचारलाय काय कुणी?

शहापूरकर_एमएसवाला:
तिकडं सकाळ होऊदे, मेसेज टाकतो.