मदत हवी आहे: बॅटरी स्वतः बदलण्याचा युरोपीय नियम फोनला खरंच लागू होणार का?

फोनची बॅटरी फुगलीये. मागचं झाकण कोपऱ्यात इतकं उचललंय की नख सहज आत जातं. (चार्जिंग बंद केलंय, ओरडू नका.) आता नवा घेताना बॅटरी घरीच बदलता यावी, एवढीच अट आहे.

युरोपीय संघाचा बॅटरी नियम १८ फेब्रुवारी २०२७पासून तेच सांगतो. पण २० जून २०२५पासून लागू असलेल्या फोनच्या वेगळ्या नियमात पळवाट दिसते: ५०० चार्जिंग चक्रांनंतर ८३ टक्के, १००० नंतर ८० टक्के क्षमता उरली आणि फोन धूळ-पाण्यात टिकला, तर बॅटरी बदलणं तंत्रज्ञावर सोडलेलं चालतं. मग वरचढ कोणता नियम?

आणि चिकटवलेली फुगलेली बॅटरी कुणी स्वतः काढलीये का? गोंद गरम केला की सुटतो म्हणे, पण हिच्याजवळ उष्णता न्यायची हिंमत होत नाही.