थ्रॉटल बॉडी घरी साफ करता येते का?

प्रश्न: पेट्रोल गाडी आयडलवर (इंजिन चालू, ॲक्सिलरेटरवर पाय नाही) थरथरते, आरपीएम ५०० ते ९०० मध्ये खालीवर होतात. थ्रॉटल बॉडीत (इंजिनात जाणारी हवा झडपेने कमी-जास्त करणारा भाग) काळा थर दिसतो. कार्ब क्लीनर (कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे) चालेल?

उत्तर १: कार्ब क्लीनर नको. काही बॉडींना आतून लेप असतो, तो निघतो. थ्रॉटल बॉडीसाठीचाच स्प्रे घ्या. इंजिन थंड हवं, बॅटरीची निगेटिव्ह काढा, क्लॅम्प सैल करून इनटेक पाइप (हवा आत आणणारा) बाजूला करा. स्प्रे थेट आत मारू नका, कापडावर मारून पुसा. खरा थर झडपेच्या कडेला आणि मागच्या बाजूला असतो. तिथली फट बुजली की आयडलची हवा अडते.

उत्तर २: इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल (झडप मोटरने हलणारा) असेल तर झडप बोटाने जोरात ढकलू नका, आतले गिअर दुखावतात. आणि हा स्प्रे एअरफ्लो सेन्सरवर (आत येणारी हवा मोजणारा) चुकूनही नाही.

प्रश्नकर्ता: साफ केली, आता आरपीएम १५०० वर अडकलेत!

उत्तर १: होतं असं. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) अजून जुन्या घाणीच्या हिशोबाने झडप जास्त उघडतोय. आयडल रीलर्न करा, म्हणजे ईसीयूला आयडलची झडप नव्याने शिकवा. पद्धत गाडीगणिक वेगळी, काहींना स्कॅनर लागतो. तरी आरपीएम उतरले नाहीत तर झडपेच्या पुढे, इंजिनच्या बाजूला कुठे गळती आहे का तपासा, तिथून हवा ओढत असेल.