तालुक्याच्या दवाखान्यात काचबिंदू निसटू नये म्हणून आधी काय घ्यावं? (सल्ला हवा)

मेघना_नेत्र
सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा डोळ्यांचा दवाखाना आहे. येणारे बहुतेक मोतीबिंदूचे, चष्म्याचे, नाहीतर डोळ्यात कुसळ गेलेले. डोळा मोठा करून बघायचा स्लिट लॅम्प, आतली शीर बघायची ९० डीची लेन्स आणि हवेचा झोत मारून प्रेशर मोजणारं मशीन, एवढंच जवळ आहे.

गेल्या महिन्यात ५८ वर्षांचे एक शेतकरी आले. उजव्या डोळ्याला फक्त उजेड कळत होता. "बिंदू पिकू दे, मग काढू" असं कुणीतरी सांगितलं म्हणून थांबले होते. मोतीबिंदू नव्हताच, काचबिंदू होता. डोळ्याचं प्रेशर ४४, डोळ्यातून मेंदूकडे जाणारी शीर पांढरीफटक. दोन वर्षांपूर्वी चष्मा माझ्याकडूनच नेला होता, लांबचाही प्लस नंबर. तेव्हाच्या कागदावर प्रेशर १९ लिहिलंय आणि पुढे काहीच नाही. ते फार लागलं मनाला.

कर्ज काढून ओसीटी (शिरेची जाडी मोजणारं स्कॅनचं मशीन) घ्यावं म्हणते. की आधी नजरेचा घेर तपासणारं फील्डचं मशीन?

अनंत_पुणे
डॉक्टर, दोन्ही थांबू देत. आधी गोनिओची, म्हणजे डोळ्यातलं पाणी जिथून निचरतं तो कोन बघायची, चार आरशांची लेन्स घ्या. ओसीटीच्या किमतीपुढे ती काहीच नाही.

तुमच्याच मजकुरात उत्तर आहे. लांबचा प्लस नंबर म्हणजे डोळा लहान, पुढची जागा उथळ. या माणसाचा कोन हळूहळू बंद होत गेला असावा, आणि तो हवेच्या झोतात दिसत नाही, ओसीटीच्या शिरेच्या फोटोतही दिसत नाही. आपल्याकडे कोन बंद होणारा काचबिंदू बराच आहे, तरी गोनिओ करायचा आपण कंटाळा करतो. खोलीत अंधार करा, उजेडाची पट्टी आखूड ठेवा, बाहुलीवर पडू देऊ नका. बाहुली आकसली की बंद कोनही उघडा भासतो. रोज चारपाच साधे डोळे बघत गेलात की हात बसेल.

त्यांचा डावा डोळा बघितलात का? कोन बंद होत असेल तर याग लेसरने आयरिसला (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला) छिद्र लगेच करून घ्या. यात पुढची तारीख देऊ नका.

आणि १९ आकड्यावर विसंबू नका. दक्षिण भारतातल्या पाहण्यांत काचबिंदूच्या कितीतरी रुग्णांचं प्रेशर २१ च्या, म्हणजे नॉर्मल समजल्या जाणाऱ्या मर्यादेच्या, आतच होतं. बुबुळ (पुढची पारदर्शक काच, कॉर्निया) पातळ असेल किंवा लॅसिक झालं असेल तर मशीन कमीच दाखवतं. चाळिशीनंतरच्या प्रत्येकाचा कोन आधी पाहून, मग बाहुली मोठी करून शीर बघा आणि कागदावर तिचं चित्र काढा. पुढच्या वेळी तुलना त्याच्याशीच होईल.

सुहास_ऑप्टो
अनंतसरांशी सहमत. मशीनमध्ये आधी फील्डचंच घ्या, पण पहिल्या फील्डवर निदान करू नका. पेशंटला बटण कधी दाबायचं हेच कळलेलं नसतं, दुसऱ्या खेपेला बराच सुधारतो. ओसीटी तर मोठ्या मायनस नंबरवाल्यांच्या निरोगी शिरेलाही लाल रंग, म्हणजे खराब, दाखवतं. तेवढ्यावर आयुष्यभराचे थेंब चालू झालेली पोरं मी पाहिलीत.

प्रेशर मात्र हवेच्या झोताने नको, बुबुळाला टेकवून मोजायच्या अॅप्लनेशननेच मोजत जा.

कल्याणी_रत्नागिरी
मी डॉक्टर नाही, पेशंटची मुलगी आहे. निदान झाल्यावर पेशंटशी काय बोलावं, तेवढं सांगते.

बाबांना पहिले थेंब टिमोलॉलचे मिळाले. त्यांना जुना दमा आहे, पण तो कुणी विचारलाच नाही. आठवडाभर धाप लागली तरी डोळ्याच्या थेंबाने असं होईल हे आमच्या डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी ते बंद करून रात्री एकदाच घालायचे लॅटानोप्रोस्ट दिले. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबायचा, दुसरं औषध पाच मिनिटांनी, हेही त्यांनीच शिकवलं.

तरी बाबा मधेच सोडायचे. "यानं दिसायला काही फरक पडत नाही." तेव्हा डॉक्टर म्हणाले, "काका, गेलेलं आणायला नाही, उरलेलं राखायला हे औषध आहे." त्या दिवसापासून एक रात्र चुकली नाही.

पहाटे तांब्याभर पाणी एका दमात प्यायची सवय आणि शीर्षासन, दोन्हींनी प्रेशर चढतं म्हणून बंद करायला लावलं. हे विचारल्याशिवाय पेशंट सांगत नाही. आणि भावंडांना बोलवाच. बाबांमुळे आत्याचे डोळे तपासले, तिलाही निघाला, पण वेळेत.

अनंत_पुणे
कल्याणीताई, फार मोलाचं लिहिलंत. यात एक भर: खाज येते म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब. शाळकरी मुलांच्या शिरा त्याने गेलेल्या पाहिल्यात. घरात कुठली बाटली आहे ते प्रत्येकाला विचारा, जमल्यास घेऊनच यायला सांगा.

मेघना_नेत्र
सगळ्यांचे मनापासून आभार. लेन्स मागवली. काकांचा डावा डोळा सोलापूरला दाखवला, कोन अरुंदच निघाला. परवा लेसर झालं. त्या डोळ्याची शीर अजून चांगली आहे.

रविवारी त्यांचे दोन भाऊ आणि बहीण येतायत. एक शंका: २०१९ च्या 'लाइट' नावाच्या अभ्यासात एसएलटी लेसरनंतर (पाण्याचा निचरा वाढवणारं लेसर) तीन वर्षांनी सुमारे ७४ टक्के रुग्णांना थेंब लागले नव्हते. दर महिन्याची बाटली परवडत नाही अशांना सुरुवातीलाच पाठवू का?

अनंत_पुणे
कोन उघडा असेल तर जरूर पाठवा. तो अभ्यास उघड्या कोनाच्या काचबिंदूचा आणि नुसत्या वाढलेल्या प्रेशरचा होता, बंद कोनाला तो लावू नका. शीर फार गेली असेल तर थेंबांसाठीही थांबू नका, सरळ ऑपरेशनचं बोला. आणि लेसरनंतरही दर काही महिन्यांनी प्रेशर मोजायला यायचंय, हे घरच्यांसमोर सांगा.