झवेरचंद मेघाणींनी लोकगीते कशी टिपली?

प्रश्न (सेलू, जि. परभणी):
आमच्या आजेसासूबाई जात्यावरच्या ओव्या अजून म्हणतात, पण खुंटा हातात धरल्याशिवाय त्यांना पुढची ओळ आठवत नाही. दिवाळीपासून मी त्या वहीत उतरवून घेत आहे. गुजराती कवी झवेरचंद मेघाणी यांनी सौराष्ट्रात असेच काम केले, असे वाचले. त्यांची पद्धत काय होती आणि त्यांच्या स्वतःच्या कवितेशी तिचा काही संबंध होता का, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर (अंबाजोगाई):
ताई, संबंध फार जवळचा आहे. १८९६ साली चोटिल्यात जन्मलेल्या मेघाणींचे वडील पोलिसात असल्यामुळे त्यांचे बालपण बदल्यांच्या निमित्ताने काठियावाडच्या डोंगराळ मुलखात गेले. कोलकात्याच्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्यातील चांगली नोकरी सोडून ते परतले आणि १९२२ मध्ये राणपूरच्या ‘सौराष्ट्र’ साप्ताहिकात रुजू झाले. त्यानंतर ते गावोगाव फिरून चारण व बारोट (गाथा आणि वंशावळी गाणारे समाज), मेर या तिथल्या समाजातील लोक आणि गुराखी यांच्या तोंडून कथा-गीते ऐकत राहिले. त्यातून ‘सौराष्ट्रनी रसधार’चे पाच भाग निघाले, तर स्त्रियांची गाणी ‘रढियाळी रात’मध्ये आली. बायकांची गाणी परक्या पुरुषाला सहजासहजी ऐकायला मिळत नसत, म्हणून ढेलीबेन या मेर स्त्रीने त्यांना दिलेल्या गाण्यांचे मोल मला फार वाटते. गीरमध्ये वासरावर चालून आलेल्या सिंहाला काठीने हुसकावणारी चौदा वर्षांची हीरबाई त्यांनी पाहिली आणि ‘चारणकन्या’ लिहिली. त्या कवितेच्या तुटक, ठेका धरणाऱ्या ओळी मोठ्याने वाचून पाहाव्यात. लोकगीत कानात मुरल्याखेरीज तशी लय साधत नाही.

उत्तर (नांदेड):
वरील उत्तरात एक मोठी बाजू राहिली. १९३० च्या सत्याग्रहात मेघाणींचा ‘सिंधुडो’ हा गीतसंग्रह सरकारने जप्त केला. धंधुक्याच्या न्यायालयात त्यांनी स्वतःचे प्रार्थनागीत गायले आणि त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली, जरी गांधी-आयर्विन करारामुळे सुटका लवकर झाली. १९३१ मध्ये गांधीजी गोलमेज परिषदेला निघाले, तेव्हा त्यांनी ‘छेल्लो कटोरो’ लिहिले. विषाचा हा शेवटचा कटोराही पिऊन टाका, असे बापूंना सांगणारे ते गीत आहे. ‘राष्ट्रीय शायर’ ही त्यांची ओळख याच काळातली. ताई, आजींना रझाकारांच्या काळातल्या ओव्याही अवश्य विचारा. त्या सहसा कोणी विचारत नाही, म्हणून म्हटल्या जात नाहीत.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. आजींचे माहेर गंगाखेडकडचे आहे आणि मी आजवर कोणती ओवी माहेरची व कोणती सासरची हे नोंदवलेलेच नाही. उद्या पहाटे वही घेऊन पहिल्या पानापासून पुन्हा बसते, आणि रझाकारांच्या दिवसांचेही विचारते.