गावच्या मैदानावर वेग दाखवणारे दिवे कमी खर्चात कसे बसवावेत?

प्रश्न (खानापूर तालुका)

नमस्कार. आमच्या गावातील बारा-पंधरा मुले सैन्यभरतीच्या तयारीसाठी पहाटे पाच वाजता शाळेच्या मैदानावर धावतात. तेथे फक्कीने आखलेली २०० मीटरची फेरी आहे. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत पूर्ण करायचे, म्हणजे आठ फेऱ्या प्रत्येकी ४१.२५ सेकंदांत धावायच्या. मुलांकडे दम आहे, पण वेगाचा अंदाज नाही. पहिली फेरी ३५ सेकंदांत होते आणि पाचव्या-सहाव्या फेरीला तीच मुले ४६ सेकंदांवर येतात. मी कडेला घड्याळ घेऊन उभा असतो, परंतु फेरी संपल्यावर सांगितलेला वेळ म्हणजे झालेल्या चुकीची नोंद, तिचा धावणाऱ्याला त्या क्षणी उपयोग नसतो.

मोठ्या स्पर्धांत धावमार्गाच्या आतल्या कडेने दिव्यांची रांग बसवतात आणि ठरलेल्या वेगाने प्रकाश पुढे सरकत जातो, हे आपण पाहिले असेलच. ७ ऑक्टोबर २०२० रोजी स्पेनमधील व्हॅलेन्सियात युगांडाचा धावपटू जोशुआ चेप्तेगेई याने १०,००० मीटरचा २६ मिनिटे ११ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तो अशाच दिव्यांच्या सोबतीने. ती यंत्रणा आपल्या आवाक्यातली नाही. म्हणून मी मांडववाल्यांकडे मिळणारी रंगीत एलईडी पट्टी आणून पाहिली, पण एका टोकाकडून वीज दिल्यावर काही अंतरानंतर पांढरा प्रकाश तांबूस आणि मंद होत गेला. शिवाय २०० मीटर पट्टीचा खर्च वर्गणीतून भागणार नाही. कोणी दुसरा मार्ग सुचवील का?

उत्तर १ (बेळगाव, शहापूर)

पट्टी तांबूस होण्याचे कारण तारेतच आहे. मैदानाच्या एका बाजूने वीज दिली, तर समोरच्या टोकापर्यंत १०० मीटर जाणे आणि १०० मीटर येणे होते. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली तरी तिचा रोध सुमारे अडीच ओहम भरतो आणि २ अँपिअर प्रवाहाला १२ पैकी जवळजवळ ५ व्होल्ट वाटेतच संपतात. पट्टीतले तांबे तर याहून कितीतरी पातळ असते. निळ्या आणि हिरव्या एलईडीला लाल एलईडीपेक्षा जास्त व्होल्ट लागत असल्यामुळे आधी ते विझू लागतात आणि लाल तेवढा उरतो.

मुळात सलग पट्टीची आपल्याला गरज नाही. दर १० मीटरला एक अशा २० सुट्या पेट्या करा. आपल्या मुलांचा वेग सेकंदाला ४.८५ मीटर, म्हणजे एका पेटीपासून दुसरीपर्यंत २.०६ सेकंद. तेवढ्या अंतराने एकेक दिवा लागत गेला तरी आपण पुढे आहोत की मागे, हे धावणाऱ्याला बरोबर कळते. प्रत्येक पेटीत ईएसपी८२६६ या वाय-फाय असलेल्या चिपचा छोटा बोर्ड, लॅपटॉपच्या बॅटरीत असतो तसा एक लिथियम सेल आणि एक प्रखर एलईडी पुरे. आपला क्रमांक आणि ठरलेला वेग पेटीला ठाऊक असला की आपण कधी लागायचे, हे ती स्वतःच काढते. तार कुठेही ओढावी लागत नाही. पहाटेच्या अंधारात हा प्रकाश चांगला दिसेल, मात्र ऊन चढल्यावर त्याचा उपयोग नाही.

उत्तर २ (निपाणी)

वरील सूचना योग्य आहे, पण तिचे यश दिव्यापेक्षा घड्याळावर अवलंबून आहे. मी प्रथम स्वस्त अर्डुइनो बोर्ड (प्रोग्रॅम भरता येणारा छोटा संगणक) वापरून असाच प्रयोग केला आणि धाव संपेपर्यंत दिव्यांचा क्रम भरकटला. त्या बोर्डावर वेळ मोजण्यासाठी क्वार्ट्‌झ स्फटिकाऐवजी सिरॅमिक रेझोनेटर हा स्वस्त भाग होता, ज्याची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत जाऊ शकते. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, परंतु ३३० सेकंदांत तो दीड सेकंदाहून अधिक होतो आणि आपल्या वेगाने ते अंतर आठ मीटर भरते. स्फटिक असलेल्या बोर्डाची चूक दहा लाखांत वीसच्या आसपास असते, म्हणजे त्याच धावेत तीन-चार सेंटिमीटर. त्यामुळे सुरुवातीला सर्व पेट्या एकदा जुळवल्या की पुढे त्यांना एकमेकींशी बोलण्याची गरज राहत नाही.

बिनतारी संदेश कसा पाठवायचा, याकडेही लक्ष द्यावे. पेटी जमिनीलगत असली की संदेश अशक्त होतो आणि काही वेळा हरवतो. म्हणून 'आता सुरू हो' असा एकच संदेश न पाठवता 'सुरुवात होऊन इतके मिलिसेकंद झाले' असा संदेश दर सेकंदाला पाठवत राहावे. एखाद्या पेटीला पहिले तीन संदेश मिळाले नाहीत तरी चौथ्यावरून ती स्वतःला जुळवून घेते.

उत्तर ३ (चिकोडी, क्रीडाशिक्षक)

तांत्रिक बाजू आपण तिघांनी सांभाळलीच आहे. मला काळजी आहे ती टेपची. २०० मीटर हे अंतर नेमके कोणत्या रेषेवर मोजले आहे? उंच कडा नसलेल्या मार्गावर ते आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेर मोजतात. बारा मुले एकत्र धावली की काही जण त्या रेषेच्या मीटरभर बाहेर राहतातच आणि प्रत्येक फेरीला त्यांना ६.२८ मीटर जास्त धावावे लागते. आठ फेऱ्यांत ते ५० मीटर झाले, म्हणजे दहा सेकंद. अशा मुलाला दिवा नाहक मागे टाकत राहील आणि आपण मात्र त्याला आळशी ठरवू. म्हणून चार-चारच्या गटाने आणि एका ओळीत धाववावे.

दुसरे असे की दिवा पहिल्या क्षणापासून पूर्ण वेगात असतो, माणूस नसतो. दिवा एक सेकंद उशिरा सोडला नाही, तर मुले पहिल्याच वळणावर त्याच्या मागे सुसाट सुटतील, आणि आपल्याला मोडायची होती ती खोड हीच. वेगही साडेपाच मिनिटांचा न ठेवता पाच मिनिटे पंचवीस सेकंदांचा ठेवा. भरतीच्या दिवशी गर्दीत वळसे घ्यावे लागतात, त्याची भरपाई तिथून होते. आठवड्यातून दोन दिवस मात्र दिव्यांशिवाय धाववावे, कारण भरतीच्या मैदानावर दिवे नसणार.

आणि एक पैसाही खर्च करण्यापूर्वी हे करून पाहा: दर ५० मीटरला एक दगड ठेवा आणि मैदानाच्या मधोमध स्पीकर ठेवून दर १०.१५ सेकंदांनी शिट्टी वाजेल अशी ध्वनिफीत तयार करा. शिट्टी आणि दगड एकाच वेळी गाठायचे. स्पीकर मध्यावर असला की आवाज सगळीकडे जवळपास सारख्याच वेळाने पोहोचतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. उद्या फेरी पुन्हा मोजतो आणि या आठवड्यात शिट्टीचा प्रयोग करतो. त्यानंतर ५० मीटरवर एक अशा चारच पेट्या आधी बनवीन. दिवसा त्याच मैदानावर क्रिकेट चालते, त्यामुळे पेट्या रोज काढून ठेवाव्या लागतील आणि पहाटेच्या अंधारात त्यांचा क्रम चुकण्याची भीती वाटते.

उत्तर २ (निपाणी)

पेटीवर आणि जमिनीतल्या खुंटीवर, दोन्हीकडे पांढऱ्या ऑइलपेंटने क्रमांक घाला. खुंटी जमिनीच्या पातळीपर्यंत ठोका, म्हणजे क्रिकेटवाल्यांच्या पायाला लागणार नाही. पेटीसाठी झाकणाची पारदर्शक बरणी पालथी वापरली, तर आपल्याकडच्या पावसातही आत पाणी जाणार नाही.